कोपऱ्यातल्या भिंती

उद्या सकाळी वरच्या मजल्याच्या कॉलमांना नारळ फोडायचा होता. गच्चीवर नऊ वर्षांपूर्वी वर काढून ठेवलेल्या सळया गंजून तांबड्या झाल्या होत्या. त्यांच्या टोकांवर पालथ्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या शंभूने काल एकेक करून काढल्या, आणि सेंट्रिंगच्या फळ्या येऊन जिन्याखाली पडल्या. गेली चार वर्षं या घरात शंभूच्या धाकट्या भावाच्या नावाने 'संपतचा मजला' असं म्हटलं जात होतं, जणू तो मजला तिथे आहेच, फक्त अजून दिसत नाही.

मुहूर्त नेमका नानांच्या मुक्कामाशी जुळून आला होता. दरसाल दिवाळी झाली की ज्ञानूनाना मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागत आणि एक रात्र कारेगावात, थोरल्या भावाच्या, आबांच्या, दारात, म्हणजे या इमारतीच्या पोटाखाली, कळप बसवत. त्या दिवशी भाडेकऱ्यांनी आपल्या मोटारसायकली रस्त्याच्या कडेला लावायच्या, हा आबांचा नियम होता. बिहारची पोरंसुद्धा आता न सांगता गाड्या काढत.

शंभूची बायको सुवर्णा तळमजला झाडत होती. तळमजला म्हणजे सोळा कॉलम आणि वर छत, बाकी चारी बाजूंनी वारा. झाडता झाडता ती जिन्याजवळच्या कॉलमपाशी थांबली आणि मान वर करून पाहिलं. चीर होती तिथेच होती. केसाएवढी, कॉलम जिथे बीमला भिडतो त्याच्या जरा खाली.

गौरी उठल्या त्या दिवशी दुपारी मांडणीवरची ताटं वाजली होती. सुवर्णाला आधी वाटलं, कंपनीचा ट्रेलर गेला असेल. मग तिसऱ्या मजल्यावरची गीताबाई पोर काखेत घेऊन धावत खाली आली. ती लातूरकडची, लहानपणी तिने किल्लारीच्या वेळचं सगळं पाहिलेलं. रस्त्यावर थोडा वेळ थांबून तीच हसली. म्हणाली, "आमच्याकडली घरं दगडमातीची हुती वैनी, म्हणून पडली. ही शिमीटाची हाय. आन् बसकी बी हाय. उगं पळाले मी." दोघी हसल्या. पण सुवर्णाला संध्याकाळी ही चीर दिसली, आणि त्या दिवसापासून तिला नीट झोप नव्हती. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने त्यावर सिमेंट थापलं असतं. म्हणून तिने फोन केला धनश्रीला. संपतभावजींची धनश्री पुण्यात इमारतींचे हिशोब करणाऱ्या ऑफिसात होती. घरात तिचा शब्द कुणी विचारत नसे, पण तिच्या शिक्षणाचा उल्लेख पाहुण्यांपुढे हमखास होई.

धनश्री मागच्या रविवारी येऊन कॉलमचा गिलावा फोडून गेली होती. का फोडला, हे आज ती सांगणार होती. सुवर्णाने सतरंजी अंथरली आणि मनात म्हटलं, बिरोबा, माझं नाव यात येऊ देऊ नकोस.

*

संपत खुटबावहून दुपारी दोनला आला तो खुशीत होता. सविताने, त्याच्या बायकोने, घरून पेढे दिले होते, पण डबा अजून गाडीतच होता. चारी पिढ्यांत उभ्या भिंतीचं घर पहिल्यांदा याच जागेवर झालं आणि त्यात आपला एक मजला असावा, ही त्याची फार जुनी इच्छा. कॅनॉलचं पाणी, ऊस, फुलांचा प्लॉट, सगळं खुटबावला होतं. पण कारेगाव हे नाव कंपन्यांमुळे मोठं झालं आणि तिथलं सगळं थोरल्या शंभूच्या हातात राहिलं. भावाभावांत गेली दीड वर्षं 'जेवलास का' याच्या पलीकडे बोलणं नव्हतं. हा मजला झाला की ते सगळं मिटणार, असं आबा म्हणत. संपतचाही त्यावर विश्वास होता, किंवा असावा.

सगळे बसले. आबा, म्हणजे शंभू-संपतचे वडील सोपानराव, कॉलमला पाठ टेकून, घोंगडीवर. वय अठ्ठ्याहत्तर, पण पाठ अजून सरळ.

"बोल बाय," आबा म्हणाले. "तुझ्या बापाचा मजला हाय. कागुद बघितलास न्हवं?"

धनश्रीने पिशवीतून गुंडाळी काढली. इमारतीचा मूळ नकाशा. शंभूच्या कपाटातून सुवर्णाने काढून दिलेला.

"आबा, वरचा मजला नाही चढवता येणार."

संपत हसला. "चेष्टा नको करू धना. फळ्या येऊन पडल्यात."

"चेष्टा नाही करत, दादा," ती वडिलांना म्हणाली. "वरचा तर नाहीच, पण आहे तेच धड नाही. आधी सगळ्या खोल्या रिकाम्या करायच्या आणि खालून मजबूत करायची इमारत. सहा महिने तरी."

रस्त्यावरून शिफ्टची बस गेली.

"कशानं?" शंभूने विचारलं. "नऊ वर्सं उभी हाय. एक थेंब गळत न्हाई."

"तात्या, उभं राहणं वेगळं. वरून खाली येणारं वजन हे कॉलम पेलतात, त्यात शंका नाही. भूकंप आडवा येतो."

"हितं कुठला भूकंप?"

"आपला जिल्हा काही बिनधोक पट्ट्यात नाही. आणि मोठाच यायला पाहिजे असंही नाही."

"आगं पण ही काय पुण्यातली वीस मजली हाय का? बसकी इमारत. हिला काय हुतंय?"

धनश्रीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. ऑफिसात तिने तो शंभर वेळा ऐकला होता आणि दर वेळी तिची भाषा अपुरी पडली होती. "तात्या, तिथंच सगळे चुकतात. उंच इमारत सावकाश डुलते. जमीन हलून जाते आणि ती मागनं डुलत राहते. आपल्यासारखी तीन-चार मजली असते ना, ती आखूड. तिला डुलायला सवड नसते. जमिनीचा हिसका तिला थेट बसतो, कधी दुपटी-अडीचपटीनं बसतो. आणि आपली तर वर विटांच्या भिंतींनी पेटीसारखी घट्ट आहे, खाली नुसते पाय. वरचं काहीच वाकणार नाही. जे काय वाकायचं ते या सोळा पायांनी."

"मग पाय जाड हायेत की."

"पायांच्या आत सळयांभोवती रिंगा पाहिजेत दाट. डोक्याशी चार-चार इंचांवर. मी फोडून बघितलं, तिथं नऊ इंचांवर आहेत. पण ते एक वेळ समजू शकते, सगळीकडं तसंच बांधतात." तिने नकाशा सतरंजीवर पसरला आणि कडेला चहाच्या कपबशा ठेवल्या. "हे मला समजत नाही. हे बघा. चारी कोपऱ्यांत काळं केलंय ना, या काँक्रीटच्या भिंती आहेत. पायापासून वरपर्यंत. शिरूरच्या ज्या साहेबांनी नकाशा काढला त्यांनी विचार करून काढला होता. या चार भिंतींवर सगळा आडवा धक्का जायचा होता. कॉलमांवर नाहीच."

सगळ्यांनी आपोआप कोपऱ्यांकडे पाहिलं. चारी कोपऱ्यांत एकेक कॉलम उभा होता आणि त्यापलीकडे कार्तिकातलं फिकट ऊन.

"भिंती कुठायत?" धनश्री म्हणाली.

*

शंभूला पुढचं वाक्य येण्याआधीच ऐकू आलं होतं.

"दादा," संपत हळू म्हणाला, "भिंती कुठायत?"

"मला काय ठावं."

"बांधकामावर कोण हुतं? मी खुटबावला हुतो. शिमीट कोण आणत हुतं, सळई कोण उतरून घेत हुतं?"

"म्हंजी मी खाल्ल्या भिंती?"

"तू बोललास, मी न्हाई."

"संप्या!" शंभू उठला. "ह्या जागंवर रोज पहाटं चारला उठून पाणी मारलंय म्या. एकवीस दिवस. तवा तू कुठं हुतास? फुलांच्या गाडीवर बसून मार्केट यार्डात वडापाव खात हुतास. बिरोबाच्या भंडाऱ्यावर हात ठिवतो, एक गोणी जर इकडची तिकडं केली आसंल तर..."

"भंडारा नको. भिंती दाखव."

"भावजी, राहू द्या ना," सुवर्णा म्हणाली.

"तू मधी पडू नको," शंभू तिला म्हणाला. "आन् नकाशा हिच्याकडं गेला कसा? माझ्या कपाटाची चावी कुणाकडं आसती?"

सुवर्णाने पदर सावरला. शंभूला त्या क्षणी राग आला तो बायकोचा की भावाचा, हे त्याचं त्यालाच नीट समजलं नसावं. त्याला एवढंच कळत होतं की नऊ वर्षं त्याने या इमारतीची आईसारखी उठबस केली, टाकी धुतली, मोटर बदलली, भाडेकऱ्यांची भांडणं मिटवली, आणि आता सख्खा भाऊ त्याला चोर म्हणत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो त्या दिवसांत खरंच विचारायला गेला नव्हता की नकाशातलं ते काळं काय आहे. मिस्त्री म्हणाला होता, आबांशी बोलणं झालंय.

त्याला ते आत्ता आठवलं. त्याने आबांकडे पाहिलं. आबा नकाशाकडे पाहत होते.

"त्याला बोलू नका रं," आबा म्हणाले. "म्या काढल्या."

"आबा, तुम्हाला काय समजलं का, ती काय विचारतीय ते?" संपत म्हणाला.

"समजलं. चार कोपऱ्यांतल्या भिती. मिस्त्रीनं पाया खांदायच्या येळंला चुन्याची फक्की मारली आन् मला दावलं. म्हनला, आबा, हितं असं वळणार, काटकोनात. म्या म्हनलो, मग मेंढरं?"

धनश्री पाहत राहिली.

"मेंढरू बिथरलं ना, कोपऱ्यात शिरतंय," आबा सावकाश सांगत होते, तिला एकटीलाच. "एकावर एक चढतात. मोठी वर, कोकरं खाली. माझ्या बाच्या येळंला नारायणगावाकडं पडक्या सरायीत कळप बसवला हुता. कुत्रं शिरलं. सकाळी एका कोपऱ्यातनं अकरा कोकरं काढली, चपटी झालेली. तवापास्नं आमच्यात कोपऱ्याच्या जागंला कळप बसवत न्हाईत. वाघर बी गोल लावतात." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, धनश्रीने ती लहानपणी खेळायला ओढलेली होती. "ज्ञानूला शबुद दिला हुता. ह्या जागंवर त्याचा बी हिस्सा हुता. कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला, तवा त्यानं एक शबुद न बोलता माझ्या नावावर अंगठा केला. म्हनला, मला भित नको, सालातनं एक रात्र बसू दे. म्हणून म्या मिस्त्रीला म्हनलो, भिती काढ, खांब ठिव. तो म्हनला, खांबावर बी उभी ऱ्हाती. ऱ्हायली."

"साहेबांना विचारलं नाही, आबा?"

"सायेब परत कवा आला न्हाई. त्याला कुणी बोलावला न्हाई."

*

यानंतर जे झालं ते धनश्रीला अनपेक्षित होतं. तिला वाटलं होतं, दोष सापडला की भांडण वाढेल. भांडण थांबलं. आबांच्या अंगावर कुणी जाऊ शकत नव्हतं, आणि बोट दाखवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

शंभूतात्या बसले. तिच्या वडिलांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"जे झालं ते झालं," शंभू म्हणाला. "मजला राहू दे थोडं दिवस. संपत, तुझं काय म्हणणं?"

"राहू दे," संपत म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "पण खोल्या रिकाम्या करायचं काय कारण न्हाई."

"मी बी तेच म्हणतो. लोकांना सांगायला गेलं तर रातीत इमारत बदनाम. कारेगावात खोल्यांना तोटा हाय का आता? एकदा गेलेली माणसं परत येत न्हाईत. येत्या उन्हाळ्यात, न्हाईतर पुढच्या, सवडीनं एकेक कोपरा करू."

"सवडीनं चालणार नाही, तात्या," धनश्री म्हणाली. "वर एकवीस खोल्या आहेत. लहान पोरं आहेत."

"नऊ वर्सं काय झालं न्हाई."

"चीर पडलीय. गौरीच्या वेळी जरासं हललं तेवढ्यानं पडलीय."

"धना," संपतने तिला थांबवलं. "बास झालं आता. घरातली गोष्ट घरात. तू हे हाफिसात बोलली न्हाईस ना कुणाला?"

"नाही अजून."

"बोलू नको. तुझ्या आज्ज्याचं नाव जाईल. म्हाताऱ्यानं इमारत कच्ची बांधली म्हणून लोक बोटं दावतील. ते बरं वाटंल तुला?"

"आणि पडली तर?"

"तुला शिकवलं ते ह्यासाठी?" संपत म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकवेना. तो दुसरीकडे पाहू लागला. पण शंभूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून राहिले.

आबा ते पाहत होते. दोघं पोरं एका बाजूला बसावीत म्हणून त्यांनी काय काय केलं होतं. पंचांना बोलावलं होतं, जेवणं घातली होती, हा मजला काढला होता. आज ती बसली होती. आबांना त्याचं काही सुख वाटलं नाही.

"माझं एक ऐकता का?" सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की शंभूने 'काय?' म्हणून विचारलं. "चीर आधी मी पाहिली. धनाला मी बोलावलं. तुम्हाला काय म्हणायचं ते मला म्हणा, पोरीला नको. मी आज रात्री वर झोपणार न्हाई. पोरांना बी झोपवणार न्हाई."

"येडी झालीस का? मालकीणच बाहीर झोपल्यावर भाडेकरू काय म्हणतील?"

"तेच म्हणते मी," सुवर्णा म्हणाली. "त्यांनी तेवढं वर झोपायचं?"

*

नानांचा कळप दिवस कलल्यावर आला. आधी रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, मग घंट्यांचा आवाज आणि धुळीचा वास. ज्ञानूनाना पुढे होते, सत्तरीचे, काटक, डोक्याला तांबडं मुंडासं. मागे घोडी, तिच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: पातेली, जाळी, एक करडू आणि वर बांधलेल्या दोन कोंबड्या.

सवयीने मेंढरं रस्ता सोडून तळमजल्याकडे वळली. नानांनी सोपानरावांच्या पायांवर डोकं ठेवलं, उठले आणि सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं," आबा म्हणाले. "बस."

"सगळी दोडक्यावानी तोंडं करून बसल्याली. उद्या नारळ हाय म्हणून पेढ्याच्या आशेनं चार कोस जादा चाललो आज." नाना धनश्रीकडे वळले. "तू सांग गं. तू खरं सांगतीस. लहानपणी माझ्या घोडीवरनं पडली तवा एकटीच म्हणाली हुतीस की घोडीची चूक न्हाई."

धनश्रीने सांगितलं. दुपारपासून दुसऱ्यांदा सांगत होती आणि आता तिला शब्द शोधावे लागले नाहीत. वर तीन मजले, खाली पाय, धक्का आडवा. कोपऱ्यातल्या भिंती आणि कोकरं. नाना उकिडवे बसून ऐकत होते.

"म्हंजी आमच्या घोडीचंच की," ते म्हणाले. "उभं वजं कितीबी घाल, जातीया. नदीच्या धारंला लावली की गुडघ्यात मोडती. दोन पावसाळ्यांमागं तसंच झालं मुळशीकडं. बिऱ्हाड जरासुदीक भिजलं न्हाई. गाठी सुटल्या न्हाईत. जसंच्या तसं बांधलेलं, मेलेल्या घोडीवर."

"हो, नाना. तसंच. वरचं जसंच्या तसं राहतं."

नाना उठले. एका कोपऱ्यातल्या कॉलमपाशी गेले आणि त्यावर हाताचा पंजा ठेवून उभे राहिले. मग परत आले.

"सोपानदादा, कोपऱ्यासाठी भित काढलीस?"

"व्हय."

"अरं, कोपऱ्यात माणूस उभा करायचा. एक रात्र. चार कोपऱ्यांला चार माणसं काठी घेऊन बसली की मेंढरू कोपऱ्याकडं बघत बी न्हाई. आपला बा सरायीतनं परत आल्यावर तसंच करत न्हवता का?"

"करत हुता."

"मग?"

आबांनी शंभूकडे पाहिलं, संपतकडे पाहिलं. रागाने नव्हे, हिशोब चुकला की माणूस आकड्यांकडे पाहतो तसं.

"माणसं कुठली आणू?" आबा म्हणाले. "तू बाहीर वाघरीपाशी. मी एका कोपऱ्याला बसलो आसतो. बाकी तीन कोपऱ्यांला कोण बसलं आसतं? ह्याला मेंढरांचा वास सोसत न्हाई. त्यो खुटबावास्नं येत न्हाई. म्या इच्चारलं न्हाई कुणाला. इच्चारलं आसतं आन् न्हाई म्हनले आसते, तर... त्यापरीस भिती काढलेल्या बऱ्या वाटल्या."

शंभूचा हात भावाच्या खांद्यावरून खाली आला. संपत जमिनीवरच्या नकाशाकडे पाहत होता. त्यातल्या चार काळ्या काटकोनांकडे.

"आबा, एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

"व्हय," आबा म्हणाले. "इच्चारायचं हुतं."

नानांनी तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. तळमजल्यात शिरलेली मेंढरं थबकली. कुत्र्याने वळसा घेतला, घोडीच्या नाकाडाला हात लावून नानांनी तिला मागे फिरवलं, आणि कळप हळूहळू एकेक कॉलम सोडून बाहेर निघाला, शेजारच्या मोकळ्या, खडकाळ प्लॉटकडे.

"ज्ञानू, आरं!" आबा हाताचा आधार घेऊन उठले. "तुझी रात्र हाय ही. माझा शबुद..."

"शबुद हाय तसा हाय, दादा. तुझा काय दोस न्हाई." नाना थांबले नाहीत, चालता चालताच बोलत होते, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण हिच्याखाली मी जनावरं न्हाई बसवत."

*

मेंढरं गेल्यावर तळमजला फार मोठा दिसू लागला. खाली थोड्या लेंड्या पडल्या होत्या. सुवर्णाने झाडू उचलला आणि तसाच हातात धरून उभी राहिली. रस्त्यावरून पहिल्या शिफ्टची दोन पोरं डबे हलवत आली. एकाने विचारलं, "क्या हुआ आबा, इस बार भेड़ अंदर नहीं बैठेंगे?" पोरं जिना चढून वर गेली, दोन दोन पायऱ्या घेत. मग दार लागल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं.

"शंभू," आबा म्हणाले, "मिक्सरवाल्याला येऊ नको म्हणून सांग."

"सांगतो. पण आबा, बाकीचं जरा दमानं..."

"कोकरं चेंगरू नयेत म्हणून भिती काढल्या म्या," आबा म्हणाले. त्यांनी काठी घेतली आणि जिन्याकडे निघाले.

"कुठं निघालात? मामा, गुडघा दुखतोय तुमचा," सुवर्णा म्हणाली. शंभू उठायला गेला आणि उठला नाही. संपतने तोंड ओंजळीत घेतलं होतं. त्याच्या मजल्याचे पेढे अजून गाडीत होते.

धनश्री मागून गेली. आबांनी तिचा हात घेतला नाही, पण तिला परतही पाठवलं नाही. पहिल्या मजल्यावर ते दम खायला थांबले.

"वरनं सुरू करू," ते म्हणाले. "वरच्यांना उतरायला येळ लागंल."

"मी सांगते आबा. तुम्ही नुसते उभे राहा. मला नीट सांगता येईल."

"न्हाई. तू सांगितलंस तर ते कागदावरचं वाटंल."

तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर लहान पोरांची झबली-टोपडी वाळत होती. जिन्यातल्या झरोक्यातून खालचा मोकळा प्लॉट दिसत होता. नाना वाघर लावत होते. मेखा ठोकायला तिथे जमीन कठीण होती, एकेका मेखेला पंधरा-वीस ठोके लागत होते. आबा ते ऐकत थोडा वेळ उभे राहिले. किती मेखा झाल्या ते त्यांना न बघता कळत होतं. जाळी अजून अर्धीही उभी नव्हती. दरसाल वाघर कॉलमांना बांधत, मेखा ठोकाव्या लागत नसत.

त्यांनी पहिल्या खोलीची कडी वाजवली.

गीताबाईने दार उघडलं. हाताला पीठ, काखेत पोर. आबांना दारात पाहून तिने घाईने डोक्यावर पदर घेतला. "आबा? तुम्ही कशाला वर आलात? पाणी भरून वाहतंय का? मी आत्ताच नळ बंद केला बघा."

"पाण्याचं न्हाई, बाई," आबा म्हणाले.

त्यांनी वर येताना जे मनाशी जुळवलं होतं ते सगळं त्या दारात त्यांना आठवेना. पोराने हात पुढे करून त्यांच्या काठीची मूठ पकडली. आबांनी ती त्याच्या हातात राहू दिली.

"तू त्या दिशी पळालीस ना," ते म्हणाले, "ते उगं न्हवतं."